बाळाच्या अंगावर पांढरे चट्टे आणि झोपेतून उठल्यावर दचकल्यासारखं होणं – कोणाला अनुभव आहे का?

मुग्धा_नाशिक
नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहायची वेळ आली. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा पाच महिन्यांचा आहे. जन्मला तेव्हा वजन वगैरे सगळं छान. मालिशवाल्या मावशींना पहिल्यांदा दिसलं की मांडीवर एक फिकट पांढरट चट्टा आहे, लांबट, पानासारखा. मग शोधायला लागलो तर पाठीवर दोन, पोटावर एक. बहिणीच्या सासूबाई लगेच म्हणाल्या कोड आहे, आणि घरात जे काही सुरू झालं ते विचारू नका. पुढच्या आठवड्यात स्किनवाल्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट आहे.
पण मला काळजी वेगळीच वाटतेय. गेल्या आठवड्यापासून तो झोपेतून उठला की मान खाली टाकतो, दोन्ही हात बाजूला फेकल्यासारखे करतो, दोन सेकंद, मग परत, मग परत, असं सलग पाच-सात वेळा आणि शेवटी रडतो. जवळच्या डॉक्टरांनी गॅस आहे म्हणून थेंब दिले. काल मला वाटलं तो पूर्वीसारखा हसत पण नाहीये, बहीण म्हणते तुला उगाच वाटतं.
प्रश्न असा की चट्टे आणि हे दचकणं यांचा काही संबंध असू शकतो का? आधी कोणाला दाखवायचं?

कट्टाकाका
घाबरू नका हो. लहान पोरं दचकतातच. आमचा नातू कुकरची शिट्टी झाली की दोन्ही हात वर करायचा, पोलिसांनी पकडल्यासारखा. मीठमोहरी ओवाळून टाका, निदान आजीचं समाधान होईल.

गोळी_दोनवेळा
मुग्धाताई, मी बालरोगतज्ज्ञ आहे. इथे निदान करत नाही आणि कोणी करूही नये, पण हे वाचून गप्प बसता येत नाही म्हणून लिहितोय.
पुढच्या आठवड्याची वाट बघू नका. आज, फार तर उद्या, बाळाला पीडियाट्रिक न्यूरॉलॉजिस्टकडे न्या. लहान मुलांच्या मेंदूचे वेगळे डॉक्टर असतात ते. नाशिकात नाही मिळाले तर मुंबई किंवा पुणे. जाण्याआधी एक काम करा, तो झोपेतून उठायच्या वेळी मोबाईल घेऊन बसा आणि झटक्यांचा व्हिडिओ काढा, चेहरा आणि दोन्ही हात दिसतील असा. आम्हाला तोंडी वर्णनापेक्षा त्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओतून जास्त कळतं, कारण क्लिनिकमध्ये बाळ नेमकं शहाण्यासारखं पडून असतं.
काका म्हणतात ते दचकणं वेगळं. ते आवाजाने, धक्क्याने होतं, एकदाच होतं आणि चार-पाच महिन्यांत आपोआप जातं. काही कारण नसताना, झोपेतून उठल्यावर, एकामागोमाग एक असे झटके, आणि बाळाचं हसणं कमी होणं, हे दुसऱ्या गोष्टीकडे बोट दाखवतं. त्याला इन्फंटाइल स्पाझम्स म्हणतात. हा फिटचाच प्रकार आहे, फक्त दिसायला फिटसारखा दिसत नाही, म्हणून गॅस, पोटदुखी, दात येताहेत या नावांखाली आठवडे निघून जातात. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद, काढून कळतं, आणि त्यात झोपेतलं रेकॉर्डिंग हवंच.
आता चट्ट्यांचं. हो, संबंध असू शकतो. त्वचा आणि मेंदू गर्भात एकाच थरातून तयार होतात, त्यामुळे काही जन्मजात आजारांत खूण अंगावर दिसते आणि त्रास मेंदूत होतो. पाच मिलिमीटरपेक्षा मोठे तीन किंवा जास्त पांढरट चट्टे असतील तर आम्ही ट्यूबरस स्क्लेरोसिस नावाचा आजार डोक्यात ठेवतो. एखादा चट्टा निरोगी मुलांतही असतो, त्याचा बाऊ करायचं कारण नाही. पण चट्टे आणि झटके एकत्र असले तर आधी न्यूरो, स्किन नंतर. चट्ट्यांना घाई नाही, झटक्यांना आहे.

शेवंतीची_आई
@गोळी_दोनवेळा +१००. मुग्धा, प्लीज आजच जा. माझा मुलगा आता नऊ वर्षांचा आहे, ट्यूबरस स्क्लेरोसिस, टीएससी म्हणतो आम्ही. सविस्तर संध्याकाळी लिहिते.

पाणीपुरी_प्लीज
मी पण बाळ झाल्यावर असंच घाबरले होते. कंबरेवर आणि ढुंगणावर निळेकाळे डाग, मला वाटलं मालिशवालीने बदडलं की काय. तिच्याशी भांडणार होते तेवढ्यात डॉक्टर म्हणाले मंगोलियन स्पॉट, आपल्याकडच्या बहुतेक बाळांना असतात, मोठं होता होता जातात. म्हणजे सगळेच डाग वाईट नसतात एवढंच सांगायचंय.

मुग्धा_नाशिक
धन्यवाद सगळ्यांना. व्हिडिओ काढला. बहिणीला दाखवला तर ती स्वतःच गप्प झाली. उद्या सकाळी निघतोय.

सरळरेषा
ग्रहणाचं कोणी अजून काढलं नाही याचं आश्चर्य वाटलं.

जास्वंद_कोल्हापूर
@सरळरेषा मी काढते, कारण आम्ही ते चार वर्षं ऐकलंय. माझ्या मुलीच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूला जन्मापासून गडद लाल डाग आहे, कपाळापासून वरच्या पापणीवर आणि गालावर. "ग्रहणात काय चिरलंस गं?" हा प्रश्न मला दवाखान्यातल्या आयाबाईंपासून आत्येसासूपर्यंत सगळ्यांनी विचारला. काहीही चिरलं नव्हतं, त्या नऊ महिन्यांत ग्रहणाच्या दिवशी मी गाढ झोपले होते.
आमचं निदान स्टर्ज-वेबर सिंड्रोम. मुग्धाच्या बाळाचं वेगळं दिसतंय, पण धाग्याचा विषय चामडी आणि मेंदू हाच आहे म्हणून लिहिते. यात चेहऱ्यावरच्या रक्तवाहिन्या जशा जास्तीच्या वाढलेल्या असतात तशाच मेंदूच्या आवरणावरही असू शकतात, आणि डोळ्यातही. कपाळावर आणि वरच्या पापणीवर डाग असेल तर डोळ्याचं प्रेशर पहिल्या काही आठवड्यांतच तपासायला हवं, काचबिंदू होऊ शकतो. आम्हाला हे कोणी सांगितलं नाही. सगळे म्हणत होते "मोठी झाली की लेझर करू, लग्नापर्यंत दिसणार पण नाही". मुलगी, पाळण्यातली, आणि काळजी लग्नाची!!
सातव्या महिन्यात ताप आला आणि डावा हात, डावा पाय उडायला लागला, थांबेचना. घरात कोणी कांदा फोडतंय कोणी चप्पल हुंगवतंय. नंतर एमआरआयमध्ये (शिरेतून औषध देऊन काढावा लागतो, साध्यात सुटू शकतं) उजव्या बाजूचं दिसलं. आता ती चौथीत आहे. फिटच्या औषधांवर आहे, बारीक डोसची ॲस्पिरिन आहे, डोळ्यांत रोज थेंब. डावा हात थोडा कमजोर, म्हणून बटणं लावायला वेळ लागतो, पण तोंड माझ्यापेक्षा जोरात चालतं.
आणि हा आजार आईबापाकडून येत नाही. गर्भ राहिल्यानंतर एका पेशीत बदल होतो, जीएनएक्यू नावाच्या जीनमध्ये, २०१३ साली सापडलं ते. हे मी सासरी मराठीत लिहून फ्रिजवर चिकटवलं होतं.

कट्टाकाका
फ्रिजवर चिकटवलं हे लय भारी. सुनेला सांगतो, नको, तिला नवीन कल्पना द्यायला नको.

गोळी_दोनवेळा
@जास्वंद_कोल्हापूर उत्तम लिहिलंत. एक जोडतो, सगळ्यांसाठी. फिट आली तर कांदा, चप्पल, लोखंड, तोंडात चमचा, पाणी, काहीही नको. कुशीवर झोपवा, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली तर मिडॅझोलामचा नाकातला स्प्रे डॉक्टरांनी लिहून दिला असेल तर तो मारा आणि दवाखाना गाठा.
मानेच्या मागे आणि पापण्यांवर फिकट गुलाबी डाग कितीतरी बाळांना असतात, रडलं की लाल होतात. पापण्यांवरचे वर्ष-दोन वर्षांत फिके पडतात, मानेवरचे राहूही शकतात. ते हे नव्हे. नाहीतर उद्या माझ्याकडे रांग लागेल.

शेवंतीची_आई
बसले एकदाची लिहायला.
आमच्या मुलाच्या पायावरचे चट्टे आम्हाला जन्मल्याबरोबर दिसले होते. कॅल्शियम कमी आहे, जंत असतील, दुधाचा डाग आहे, सगळं ऐकून झालं. (पाळण्यातल्या पोराला कुठले जंत, पण असो.) चार महिन्यांचा असताना झटके सुरू झाले, मुग्धाने लिहिलंय अगदी तसेच. आम्हालाही गॅसचे थेंब मिळाले, मग दुसरे थेंब मिळाले, मग दूध बदललं. खूप आठवडे गेले. तोपर्यंत तो कुशीवर वळायला लागला होता ते बंद झालं, नजर देईना. शेवटी एका नव्या शिकाऊ डॉक्टर मुलीने कपडे काढून अंग बघितलं, खोलीतला दिवा बंद करून निळसर जांभळा दिवा लावला आणि त्यात आम्हाला कधी न दिसलेले आणखी चट्टे चमकले. तिनेच पहिल्यांदा शब्द उच्चारला.
मग रांगच लागली. ईईजी, एमआरआय, हृदयाचा एको, पोटाची सोनोग्राफी, डोळ्याचा पडदा. हृदयात छोट्या गाठी होत्या, ऐकून माझे पाय गेले, पण त्या बाळपणी असतात आणि बऱ्याचदा आपोआप विरघळतात, त्याच्या गेल्या. मेंदूतल्या जात नाहीत. किडनीचं मोठेपणी लक्ष ठेवावं लागतं.
कारण समजून घ्यायला मला वेळ लागला, तर सोप्यात सांगते. टीएससी१ आणि टीएससी२ असे दोन जीन आहेत, एक ९ नंबरच्या क्रोमोसोमवर, दुसरा १६ वर. ते दोघं मिळून पेशींच्या वाढीला ब्रेक लावतात. ब्रेक फेल गेला की उताराला लागलेल्या स्कूटरसारखी वाढ सुरू, कुठे गाठ, कुठे चट्टा. साधारण सहा ते दहा हजार बाळांत एकाला होतो. दोनतृतीयांश मुलांमध्ये घरात कोणालाच नसतो, बदल नव्यानेच झालेला असतो. आमचंही तसंच. तरीही "तुमच्याकडचं की आमच्याकडचं" हा विषय दोन दिवाळ्या चालला.
झटके व्हिगाबॅट्रिन नावाच्या औषधाने थांबले. पण उशीर झाला होता. आज तो चालतो, पळतो, गाणी पूर्ण पाठ, आकडे भयंकर आवडतात, एसटीच्या पाट्या वाचतो. बोलणं मोजकं आहे, ऑटिझमचं निदान आहे. गालावर आणि नाकाशेजारी आता लाल बारीक पुटकुळ्या यायला लागल्यात, शाळेत मुलं पिंपल्स म्हणून चिडवतात, त्याला सिरोलिमसचं मलम लावतो. वेळेत झालं असतं तर वेगळा असता का, हे मला कोणी सांगू शकत नाही आणि मी आता विचारतही नाही. मुग्धा, तू फक्त ईईजी लवकर करून घे.

इतिहासाचा_किडा
अवांतर आहे, माफी. हे झटके पहिल्यांदा नीट लिहून ठेवणारा माणूस त्या बाळाचा बापच होता. विल्यम जेम्स वेस्ट, इंग्लंडातल्या टनब्रिजचा डॉक्टर. १८४१ मध्ये त्याने 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं की माझ्या मुलाला असं असं होतं, मान खाली जाते, झोपेतून उठल्यावर होतं, पूर्वीसारखा हसत नाही, कोणाला काही माहीत असेल तर कळवा. जळवा लावून झाल्या, हिरड्या कापून झाल्या, अफू देऊन झाली, काही उपयोग नाही. म्हणजे बघा, तेव्हाचं पत्र आणि आजचा हा धागा यात मागणी तीच आहे. ट्यूबरस स्क्लेरोसिसचं वर्णन नंतर १८८० मध्ये पॅरिसच्या बूर्नव्हिलने केलं. चट्ट्यांचा आणि झटक्यांचा संबंध वेस्टच्या काळी कोणाच्या गावीही नव्हता.

पाणीपुरी_प्लीज
जळवा?? पाच महिन्यांच्या बाळाला??

इतिहासाचा_किडा
तेव्हा कशालाही जळवाच लावायचे.

वैद्यबुवा_खेड
आधुनिक लोकांना पटणार नाही पण मेंदूच्या विकारांना आपल्याकडे वेखंड, ब्राह्मी आहेच. एक पुडी येते आमच्याकडे, पिढीजात. साइड इफेक्ट शून्य.

सरळरेषा
पुडीत काय आहे ते पुडीवर लिहिलेलं आहे का?

वैद्यबुवा_खेड
ते सांगायचं नसतं, गुण जातो.

सरळरेषा
मग पाच महिन्यांच्या पोराला द्यायचंही नसतं. शिसं पारा असलेल्या पुड्या खाऊन दवाखान्यात आलेली मुलं सगळ्यांनी बघितलीत.

गोळी_दोनवेळा
यावर वाद नको, एवढंच म्हणतो की बाळाचं चालू असलेलं फिटचं औषध कोणाच्याही सांगण्यावरून एक दिवसही बंद करू नका. अचानक बंद केल्याने फिट वाढतात, ती पुडी कितीही निरुपद्रवी असली तरी.

मुग्धा_नाशिक
अपडेट. मुंबईत आहोत. ईईजीमध्ये पूर्ण गोंधळ दिसला, हिप्सॅरिद्मिया असा शब्द वापरला. एमआरआय झाला, ट्यूबर्स म्हणजे मेंदूत गाठी आहेत. एकोमध्ये छोटी गाठ, पण रक्त नीट वाहतंय म्हणाले. निदान ट्यूबरस स्क्लेरोसिसच. व्हिगाबॅट्रिन आजच सुरू झालं, गोळी पाण्यात विरघळवून मोजून द्यायचं. डोळ्यांवर परिणाम होतो असं वाचलं आणि बहीण रडायला लागली. कोणी सांगा प्लीज. एकच बरं झालं की कोड नाहीये, तेवढं सासूबाईंना सांगितलं.

शेवंतीची_आई
मुग्धा 🙏 डोळ्यांबद्दल मी सांगते. बाजूचं दिसणं कमी होण्याची शक्यता असते, डोस आणि किती काळ दिलं यावर अवलंबून. म्हणून सुरुवातीला डोळे तपासून घेतात आणि मध्ये मध्ये परत. सहसा काही महिनेच देतात. आम्हीही फार घाबरलो होतो, पण झटके चालू राहणं हे त्याहून महाग पडतं, आमच्याकडे पडलं. तुम्ही लवकर पोचलात गं.

चंद्रकोर
मला एक बोलायचंय, विषय सोडून वाटेल कदाचित. मला कोड आहे. वयाच्या अकराव्या वर्षापासून. वरती दोन-तीनदा वाचलं, "एकच बरं झालं की कोड नाही". मेंदूत गाठी निघाल्या आणि घराला सुटका कशाची, तर कोड नाही याची! मुग्धा, तुझ्यावर राग नाही, तू सासूबाईंच्या भाषेत बोललीस. पण कोड असतं तर काय झालं असतं? मुलगा शाळेत गेला असता, क्रिकेट खेळला असता, नोकरी केली असती. मी केलं सगळं. कोडाने फिट येत नाहीत, बुद्धीवर परिणाम होत नाही, ते लागत नाही कोणाला. ज्याची भीती घरभर होती ते निरुपद्रवी, आणि जे खरं घातक होतं त्याला गॅस म्हणून थेंब.

मुग्धा_नाशिक
@चंद्रकोर तू म्हणतेस ते बहिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली हे सासूबाईंच्या व्हॉट्सॲपवर टाक.

कट्टाकाका
चंद्रकोर, दंडवत.

न्यूजर्सी_नको
मीही एक प्रकार सांगते, दुर्मिळ आहे, पण कोणाच्या उपयोगी पडेल. मुलगी इथे न्यू जर्सीत झाली, आई बाळंतपणाला आली होती. दुसऱ्याच दिवशी हातापायांवर पाण्याने भरलेले फोड, पण विस्कळित नाही, रेघोट्या मारल्यासारखे ओळीत. डॉक्टरांना आधी हर्पिस वाटलं, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) शिरेतून औषधं सुरू. मग स्किनच्या डॉक्टरने बघितलं, बायोप्सी केली, इन्कॉन्टिनेन्शिया पिग्मेंटाय. फोड जातात, मग तिथे चामखिळीसारखं जाड होतं, ते जातं, मग तपकिरी भोवऱ्यासारख्या नक्षीचे डाग राहतात आणि मोठेपणी तेही फिके होतात. त्वचेला फारसं काही करावं लागत नाही. डोळ्याचा पडदा आणि मेंदू मात्र बघावा लागतो, काही मुलींना पहिल्या आठवड्यांतच फिट येतात. आमच्या बाईला एकदाच आल्या, डोळ्याला लेझर करावं लागलं, आता बरी आहे, दात मात्र कमी आणि टोकदार आलेत.
हा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो, आयकेबीकेजी. मुलींना होतो, मुलगे बहुधा जन्माआधीच जातात. जेनेटिक कौन्सेलरने माझी पोटरी बघितली, तिथे केस नसलेल्या फिकट रेघा आहेत, मला वाटायचं भाजलं असेल लहानपणी. माझेही दोन दात आलेच नव्हते. मग तिने घरातल्या गर्भपातांबद्दल विचारलं तर आई, जी इतका वेळ मला इंग्रजी कळत नाही म्हणून बाजूला बसली होती, ती म्हणाली माझे दोन गेले, दोन्ही मुलगे. हे मला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं. गावात तिला लोकांनी काय काय ऐकवलं असेल त्याची यादी तिने त्या रात्री पहिल्यांदा सांगितली.

जास्वंद_कोल्हापूर
@न्यूजर्सी_नको काय लिहू कळत नाही. आईंना नमस्कार सांग.

हिशेबी_मन
थोडा वाईटपणा घेतो. निदान झालं, नाव कळलं, ठीक. पण जीन तर बदलता येत नाही, मग जेनेटिक टेस्ट, परत परत एमआरआय यावर एवढा खर्च कशाला? डॉक्टर लोकांचं पोट भरायला? मध्यमवर्गीय माणसाने औषध द्यावं आणि देवावर सोडावं असं माझं स्पष्ट मत.

गोळी_दोनवेळा
@हिशेबी_मन प्रश्न रास्त आहे, सूर सोडून. या आजारात प्रत्येक टेस्ट काहीतरी ठरवते. किडनीतली गाठ वाढून फुटली तर रक्तस्राव होतो, आधी कळली तर गोळीने आकसते. मेंदूतल्या पाण्याच्या वाटेत एक प्रकारची गाठ वाढते, तिच्यावर एव्हरोलिमस चालतं, अमेरिकेत २०१० पासून मान्यता आहे. २०१८ मध्ये याच आजारातल्या फिटसाठीही दिली. तेच शेवंतीच्या आईंनी सांगितलेलं ब्रेकचं काम हे औषध बाहेरून करतं. स्वस्त नाही, सगळ्यांना लागत नाही.
आणि युरोपात एपिस्टॉप नावाचा अभ्यास झाला, २०२१ मध्ये छापून आला. टीएससी असलेल्या बाळांचे फिट येण्याआधीपासून ईईजी काढत राहिले, ईईजी बिघडलं की फिटची वाट न बघता व्हिगाबॅट्रिन दिलं. त्या मुलांत फिट कमी आल्या. अमेरिकेतला दुसरा अभ्यास २०२३ चा, त्यात स्पाझम्स कमी झाले पण दोन वर्षांच्या वयात बुद्धीत फरक दिसला नाही. म्हणजे चित्र अजून पूर्ण नाही, पण "काही करता येत नाही" हे आता खरं नाही.
जेनेटिक टेस्टचं म्हणाल तर मुग्धाच्या बहिणीला दुसरं मूल हवं असेल तर ती लागेल. आईवडिलांपैकी एकाला सौम्य स्वरूपात आजार असेल तर पुढच्या प्रत्येक वेळी शक्यता पन्नास टक्के. दोघांच्या रक्तात काही निघालं नाही तरी एक-दोन टक्के उरतेच, कारण बदल फक्त बीजपेशींत असू शकतो. बाळातला बदल माहीत असेल तर गरोदरपणात तपासता येतं.

हिशेबी_मन
बरं. किडनीचं माहीत नव्हतं. पण खर्चाचं काय ते कोणीच बोललं नाही.

आकडेमोड_ताई
खर्चाचं मी बोलते, माझं कामच ते. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी (मुलांच्या लवकर निदान-उपचाराचं केंद्र) असतं, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली, १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, पुढे पाठवणं, फिजिओ, स्पीच मोफत. अंगणवाडीत गाडी येते ती यांचीच. बौद्धिक अपंगत्व किंवा ऑटिझमचं प्रमाणपत्र झालं तर निरामय विमा आहे नॅशनल ट्रस्टचा, वर्षाला १ लाखापर्यंत, ओपीडी आणि थेरपीसकट. यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं ओळखपत्र) काढून ठेवा. २०१६ च्या अपंगत्वाच्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात दीर्घकालीन मेंदूविकारही येतात. दुर्मिळ आजारांसाठी केंद्राचं २०२१ चं धोरण आहे, मुंबईत केईएम त्याचं केंद्र आहे, जेनेटिक्स विभागात विचारा तुमचा आजार कुठे बसतो ते. सगळ्या कागदांची झेरॉक्स दोन-दोन. फाईल एकच ठेवा आणि ती नवऱ्याकडे देऊ नका.

कट्टाकाका
शेवटच्या वाक्याचा निषेध.

आकडेमोड_ताई
निषेध फाईलला लावून ठेवते.

कॉफीचा_डाग
माझ्या भाच्याला तपकिरी डाग आहेत, दुधाळ कॉफीच्या रंगाचे, सात-आठ असतील. तेही यातलंच का? फिट वगैरे नाही.

गोळी_दोनवेळा
@कॉफीचा_डाग सहा किंवा जास्त, पाच मिलिमीटरच्या वरचे असतील तर न्यूरोफायब्रोमॅटोसिस या आजारासाठी दाखवा. तीन हजारांत एकाला असतो, म्हणजे या सगळ्यांत तोच जास्त दिसतो. घाई नाही, पण टाळू नका. डोळे आणि पायाचं हाड बघतील. एक-दोन डाग असतील तर निवांत.

मुग्धा_नाशिक
परत नाशिकला आलो. औषध सुरू झाल्यापासून झटके खूप कमी झालेत, काल एकही दिसला नाही. काल संध्याकाळी तो पंख्याकडे बघून हसला, पंख्याकडे का होईना. सासूबाई फोनवर म्हणाल्या चट्ट्यांना काय लावायचं, मी म्हटलं काही नाही, ते तसेच राहणार.
आता दोन प्रश्न. लसीकरण चालू ठेवायचं ना? आणि ईईजी परत करायला मुंबईला बोलावलंय, टेस्टच्या वेळी झोपायला हवा म्हणाले. चार तासांच्या प्रवासात तो हमखास झोपतो आणि मग तिथे टक्क जागा. काय करू?

गोळी_दोनवेळा
लसीकरण वेळापत्रकाप्रमाणे. फक्त पुढे कधी स्टेरॉइड किंवा एव्हरोलिमस सुरू झालं तर जिवंत जंतूंच्या लशी देण्याआधी विचारा. आणि ईईजीच्या आदल्या दिवशी डोकं धुवा, तेल अजिबात नको, तारा चिकटत नाहीत. मालिशवाल्या मावशींना हे दोनदा सांगा.

शेवंतीची_आई
प्रवासाचं मी सांगते. एक माणूस गाडी चालवायला आणि एक फक्त बाळाला जागं ठेवायला, मागच्या सीटवर शेजारी. इगतपुरीपर्यंत झोपू दे, कसारा घाट लागला की उठव आणि मग ठाण्यापर्यंत गाणी म्हण. दूध तिथे पोचल्यावर, तारा लावून झाल्या की दे. पेंगतो लगेच.

जास्वंद_कोल्हापूर
किंवा आदल्या रात्रीच जा. परळला माझ्या मावशीची खोली बंद असते, हॉस्पिटलं चालत दहा मिनिटांवर. आम्ही दर वेळी तिथेच उतरतो. पाणी सकाळी सहा ते आठच येतं, बादल्या भरून ठेवायच्या. व्यनि (खासगी निरोप) केलाय.

मुग्धा_नाशिक
व्यनि बघितला. बुधवारी रात्री येतोय, चौघं जण. सासूबाई पण यायचं म्हणताहेत.

कट्टाकाका
बादल्या जास्त भरा.